इंजिन नाही, सुकाणू नाही, मग आर्गो फ्लोट समुद्राचा डेटा आणतो कसा?

प्रश्न मालवणच्या एका मेकॅनिकल डिप्लोमाच्या पोराचा आहे. थोडक्यात असा, की काका, या आर्गो फ्लोटला, म्हणजे समुद्रात वाहत राहून पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणाऱ्या यंत्राला, पंखा नाही, दोरी नाही, तरी तो दोन हजार मीटर खाली जाऊन परत वर कसा येतो, समुद्राचा करंट, म्हणजे प्रवाह, नेईल तिकडे वाहत जाणाऱ्या यंत्राच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा, आणि आम्हाला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला असं काही बनवता येईल का.

मी वीसेक वर्षं या फ्लोटांच्या मागे घालवली, निम्मी बोटीवर आणि निम्मी स्क्रीनसमोर. खाली-वर जाण्याचं मेकॅनिझम खरं तर सोपं आहे, ते दहा मिनिटांत समजेल. अवघड आहे तो तुझा दुसरा प्रश्न, म्हणून त्यालाच जास्त वेळ देणार आहे.

आधी मशीन. साधारण माणसाच्या उंचीचा, अँटेना धरून दीड-दोन मीटर लांब, वीस-पंचवीस किलोचा एक नळा असतो. तुम्हाला कॉलेजात शिकवतात की वस्तू बुडवायची तर जड कर आणि तरंगवायची तर हलकी कर. फ्लोट यातलं काहीच करत नाही, त्याचं वजन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंच. बदलतं ते आकारमान. आत तेलाची टाकी आहे आणि बुडाला बाहेरच्या बाजूने एक रबरी फुगा. पंपाने तेल आतून बाहेरच्या फुग्यात ढकललं की फ्लोटने व्यापलेली जागा वाढली, वजन तेच, म्हणजे घनता कमी, म्हणजे वर चालला. तेल परत आत घेतलं की खाली. बस, एवढंच, आर्किमिडीजच्या पुढे काही नाही.

किती तेल लागतं विचारशील तर एका ग्लासात मावेल एवढं, दोनशे-अडीचशे मिली. कारण समुद्राचं पाणी वर साधारण १०२२ ते १०२५ किलो प्रति घनमीटर असतं आणि २००० मीटरवर थंडी आणि दाब मिळून ते १०३६-३७ च्या आसपास जातं, म्हणजे फरक दीड टक्क्याच्या आतलाच, त्यात नळा स्वतः पण थोडा दाबला जातो. पण हे तेल ढकलायचं कुठे, तर जिथे दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोचा दाब आहे तिथे. नखाएवढ्या जागेवर चार सिमेंटच्या गोण्या ठेवल्यासारखं. आता गंमत बघ, अडीचशे मिली तेल एवढ्या दाबाविरुद्ध ढकलायला ऊर्जा लागते पाचेक किलोज्यूल, म्हणजे घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब नऊ-दहा मिनिटं जळेल तेवढी. पंपातलं नुकसान धरून दुप्पट-तिप्पट कर. तरी एका लिथियम बॅटरी पॅकवर हा प्राणी चार-पाच वर्षं, दीडशे-दोनशे फेऱ्या मारतो ते याच्यामुळेच. पंखा बसवला असता तर काही दिवसांत संपला असता.

फेरी अशी असते. वरून सुटला की १००० मीटरवर जाऊन थांबतो, त्याला आम्ही पार्किंग म्हणतो, आणि तिथे नऊ-एक दिवस नुसता वाहत राहतो. मग २००० मीटरपर्यंत बुडी मारतो आणि तिथून वर यायला लागतो, सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच-सहा तासांचा प्रवास. या चढणीतच तापमान, खारटपणा आणि दाब मोजत येतो. (खारटपणा थेट मोजता येत नाही हं, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून त्यावरून काढतात, हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) पृष्ठभागाच्या काही मीटर आधी सेन्सरमधून पाणी खेचणारा छोटा पंप बंद करतो, कारण वरचा तेलकट, घाणेरडा थर नळीत शिरला तर सगळं बिघडलं. वर आला की जीपीएसवरून स्वतःची जागा घेतो, सॅटेलाइटला डेटा पाठवतो आणि परत खाली. दहा दिवसांनी पुन्हा तेच.

सुरुवातीच्या फ्लोटांना हे पाठवणंच जड जायचं. जुन्या सिस्टिममध्ये एका मेसेजला फक्त ३२ बाइट आणि तेही एकतर्फी, सॅटेलाइटला मिळालं की नाही हे फ्लोटला कळायचंच नाही, त्यामुळे बिचारा सहा ते बारा तास वर लाटा खात तेच तेच ओरडत बसायचा. इरिडियम ही नवी, दुतर्फी सॅटेलाइट सिस्टिम आल्यावर काही मिनिटांत काम आटपतं आणि उलट आपणही त्याला निरोप देऊ शकतो, की बाबा वादळ येतंय, दहा दिवसांऐवजी पाच दिवसांनी वर ये. वर कमी वेळ राहिल्याचा आणखी एक फायदा म्हणजे शेवाळं आणि शिंपले कमी चिकटतात.

आता वाहून जाण्याचं. सगळे याला तोटा समजतात. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन स्वॅलो नावाच्या माणसाने पहिल्यांदा असा मध्येच तरंगत राहणारा फ्लोट बनवला, तोही कशातून, तर बांधकामाच्या परांचीला वापरतात त्या अल्युमिनियमच्या पाइपातून, आणि पाइपाची जाडी बरोबर जमावी म्हणून तो कॉस्टिक सोड्यात विरघळवून पातळ केला. (प्रोजेक्टला पैसे नाहीत म्हणून रडायचं नाही, बघ.) त्याला बोटीवरून आवाज ऐकत त्या फ्लोटच्या मागे मागे फिरावं लागायचं. तेव्हा समज असा होता की खोल पाणी जवळपास झोपलेलं असतं, अगदी हळू एका दिशेने सरकतं. १९६० च्या सुमाराला बर्म्युडाजवळ एरीज नावाच्या छोट्या बोटीवरून फ्लोट सोडले तर ते अपेक्षेच्या दसपट वेगाने पळाले आणि शेजारचे दोन फ्लोट दोन वेगळ्या दिशांना. खोल समुद्रात भोवरे आहेत हे असं कळलं, आणि ते कळलं कारण यंत्र पाण्याबरोबर वाहून गेलं. एका जागी बांधलेलं असतं तर नसतं कळलं. आजही आर्गोचा फ्लोट कुठे बुडाला आणि दहा दिवसांनी कुठे वर आला यातलं अंतर म्हणजे १००० मीटरवरचा करंट. सेकंदाला ५ सेंटिमीटर पकडलं तर नऊ दिवसांत चाळीसेक किलोमीटर होतात. हा डेटा फुकटात मिळतो, त्यासाठी वेगळा सेन्सर नाही.

आणि दुसरं असं की एक फ्लोट कुठे जातोय याला फार महत्त्व नाही, कळप महत्त्वाचा. आर्गोची योजना ठरली १९९८-९९ च्या सुमारास, की जगभर साधारण तीन अंश बाय तीन अंशांच्या चौकोनात एक फ्लोट असावा, म्हणजे दर ३०० किलोमीटरला एक. नोव्हेंबर २००७ मध्ये ३००० फ्लोट पूर्ण झाले, आता चार हजारांच्या जवळपास आहेत, म्हणजे रोज चारशे-एक प्रोफाइल (खालपासून वरपर्यंतची एक पूर्ण मोजणी म्हणजे एक प्रोफाइल). तुलनेला सांगतो, शंभरेक वर्षांत सगळ्या देशांच्या सगळ्या बोटींनी मिळून एक किलोमीटर खोलीपर्यंतच्या तापमान-खारटपणाच्या जेमतेम पाच लाख प्रोफाइल घेतल्या होत्या, आणि आर्गोने २०१२ मध्ये दहा लाख, २०१८ मध्ये वीस लाख ओलांडल्या. शिवाय बोटी जातात त्या बहुतेक उन्हाळ्यात आणि सोयीच्या वाटेने. दक्षिण महासागरात ऐन हिवाळ्यात कोण मरायला जाणार? फ्लोट जातो.

तुमच्या मालवणच्या समोर मात्र तो दिसणार नाही. आपल्या किनाऱ्याला उथळ पट्टा खूप रुंद आहे, मुंबईसमोर तर दोनशे-तीनशे किलोमीटर, आणि हजार मीटरवर पार्क होणाऱ्या यंत्राला शंभर मीटर पाण्यात काय काम, चिखलात जाऊन बसेल. एक गैरसमज इथेच काढून टाकतो, रापणकर आणि ट्रॉलरवाल्यांना हैदराबादच्या इन्कॉइसकडून, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून, मासे कुठे मिळतील याचे जे मेसेज येतात ते फ्लोटवरून नाहीत, ते सॅटेलाइटने दिसणारं पृष्ठभागाचं तापमान आणि क्लोरोफिल यावरून काढतात. त्याच इन्कॉइसमध्ये भारताच्या फ्लोटांचा डेटा मात्र येतो, तपासला जातो आणि जगाला फुकट दिला जातो. तू पण आज डाउनलोड करू शकतोस, कुणाची परवानगी लागत नाही.

आता भरवशाचं. अडचण काय आहे नीट समजून घे. लॅबमधलं यंत्र बिघडलं तर तू ते उघडून बघतोस, गेजवर शंका आली तर दुसरा गेज लावतोस. फ्लोट एकदा पाण्यात टाकला की जवळपास नेहमीच परत येत नाही. चार वर्षं तो तुला आकडे पाठवत राहणार, आणि त्यातला कुठला दिवस खोटं बोलायला लागण्याचा पहिला दिवस होता हे तुला इथे खुर्चीत बसून ओळखायचंय. आणि मोजायचं किती बारीक, तर तापमान ०.००२ अंश आणि खारटपणा ०.०१ इतक्या अचूकतेने (खारटपणाचा आकडा म्हणजे साधारण किलोभर पाण्यात किती ग्रॅम मीठ). आमचं खरं काम हे आहे, बोटीवरून फ्लोट टाकणं नव्हे.

ढोबळ चुका कॉम्प्युटरच पकडतो. फ्लोट जमिनीवर दाखवतोय का, आकडा मध्येच उसळलाय का, वरचं पाणी खालच्यापेक्षा जड दिसतंय का, दोन जागांमधला वेग अशक्य आहे का, वगैरे. या वेगाच्या टेस्टमध्ये एकदा आमचा एक फ्लोट अडकला. दर फेरीला ठरल्यासारखा समुद्रात असायचा, एक दिवस खारटपणा शून्य, तापमान ३४, आणि पुढचं लोकेशन किनाऱ्यापासून आत, रस्त्यावर. कुणाच्या तरी जाळ्यात येऊन टेम्पोतून घरी चालला होता! गावात फोन लावत लावत शेवटी पोचलो तर तिथे पोलीस पाटलासकट अर्धा गाव बॉम्ब आहे म्हणून लांब उभा. तुझ्या ओळखीत कुणाला सापडलाच तर सांग, बॉम्ब नाही, पण उघडायचा नाही, आत लिथियमचा पॅक आहे, ओली झाली की भडकते. अंगावर लेबल असतं, त्यावर फोन करायचा.

अवघड असतात त्या हळूहळू सरकणाऱ्या चुका. मघाशी म्हटलं ना खारटपणा विजेवरून काढतात. ती मोजायची काचेची नळी बारीक असते, तिच्यात आत शेवाळ्याचा पातळ थर बसला तरी नळी अरुंद झाली, वीज कमी वाहिली, आणि पाणी गोडं होत चाललंय असं दिसायला लागतं. ते बसू नये म्हणून तोंडाशी विषारी गोळी लावतात, तर तीच सुरुवातीला नळीत उतरून पहिल्या काही फेऱ्या बिघडवते. आमच्या टीमने तर एकदा याहून भारी करामत केली, रात्री दोन वाजता, बोट हलतेय, पाऊस, आणि सेन्सरच्या नळीवरची प्लॅस्टिकची टोपणं न काढताच फ्लोट सोडला. लाखो रुपये पाण्यात, अगदी शब्दशः. त्या दिवसापासून टोपणं काढून खिशात ठेवायची आणि केबिनमध्ये जाऊन मोजायची असा नियम केला, लाल टेपने बांधलेली तीन टोपणं हातात दिसल्याशिवाय लॉगबुकात सही नाही.

मग सरकणारी चूक पकडतात कशी? खोल समुद्र स्वतःच आपला गेज आहे. दीड-दोन हजार मीटरवरचं पाणी इतकं हळू बदलतं की तिथे एका तापमानाला किती खारटपणा असायला हवा हे त्या भागात बोटींनी पूर्वी घेतलेल्या मोजणीवरून आणि शेजारच्या फ्लोटांवरून माहीत असतं. तुझा फ्लोट दर फेरीला तिथे थोडा थोडा त्या रेषेवरून सरकत असेल तर समुद्र नाही बदलला, तुझा सेन्सर बदललाय. मग मागच्या सगळ्या फेऱ्यांना तेवढी दुरुस्ती लावतात. म्हणून एकच डेटा दोनदा मिळतो, एक २४ तासांच्या आत, हवामानाच्या मॉडेलला घाईत लागतो तो, आणि दुसरा वर्षभराने, माणसाने बसून तपासलेला. हवामानबदलाबद्दल काही बोलायचं असेल तर फक्त दुसरा वापर. लोक पहिला उचलून ग्राफ काढतात आणि शेअर करतात, त्याचा मला अजून राग येतो.

यात मोठमोठे फसलेत. २००६ मध्ये एक पेपर आला, तोही चांगल्या, जबाबदार शास्त्रज्ञांचा, की २००३ ते २००५ मध्ये वरचा समुद्र थंड झाला. पण सॅटेलाइटवरून समुद्राची पातळी तर वाढतच होती, आणि पाणी थंड झालं तर आकसायला हवं. हिशेब जुळेना. खोदल्यावर सापडलं की काही फ्लोटांमध्ये दाबाचे आकडे चुकीच्या तापमानाशी जोडले जात होते, म्हणजे खालचं थंड पाणी वरचं म्हणून नोंदलं जात होतं, आणि दुसरीकडे बोटींवरून टाकायच्या तापमान मोजायच्या जुन्या एक्सबीटी नावाच्या प्रोब थोडं गरम दाखवत होत्या. एक गरम, एक थंड, आणि मधल्या वर्षांत एकाकडून दुसऱ्याकडे गेलो तर थंडी पडल्याचा भास! त्याच लोकांनी २००७ मध्ये स्वतःची दुरुस्ती छापली. थंड होण्याचा प्रकार गायब झाला. मला हा किस्सा आवडतो कारण चूक पकडली ती फ्लोटने नाही, वेगळ्याच यंत्राने, आकाशातून. आर्गो हे नावच मुळी ग्रीक कथेतल्या जेसनच्या जहाजाचं आहे, कारण पातळी मोजणाऱ्या सॅटेलाइटचं नाव जेसन, दोघांनी मिळून काम करायचं असं आधीपासूनच ठरलेलं.

नव्या फ्लोटांवर ऑक्सिजन, नायट्रेट, पीएच, क्लोरोफिल असले सेन्सर पण असतात. त्यातली ऑक्सिजनची युक्ती मला फार आवडते. सेन्सर दांडीवर उंच बसवतात, म्हणजे फ्लोट वर आला की तो पाण्याबाहेर हवेत निघतो, आणि हवेत ऑक्सिजन किती हे जगाला माहीत आहे, जवळपास २१ टक्के. दर दहा दिवसांनी फुकट कॅलिब्रेशन. अरबी समुद्रात याचं महत्त्व जास्त, कारण आपल्याकडे साधारण दीडशे मीटरपासून हजारपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेला एक जाड थर आहे, जगातल्या मोठ्या थरांपैकी एक.

आपल्या दोन समुद्रांचा फरक पण फ्लोटच्या प्रोफाइलवर नजर टाकली की कळतो. अरबी समुद्र कोरड्या वाऱ्यांनी आटतो, त्यामुळे वर खारटपणा ३६ च्या वर. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी आणि पाऊस, उत्तरेला पावसाळ्यानंतर तो ३० च्याही खाली. म्हणजे वर गोड्या पाण्याची चादर, हलकी, ती खालच्या पाण्यात मिसळायलाच तयार नाही. यातून दोन गोष्टी होतात. एक, फ्लोटला वर यायला जास्त तेल ढकलावं लागतं कारण शेवटचे काही मीटर पाणी फारच हलकं. आणि दुसरी, चक्रीवादळ वरून घुसळतं तेव्हा खालचं थंड पाणी सहज वर येत नाही आणि वादळाचा चुलीतला जाळ कमी होत नाही. सॅटेलाइटला फक्त कातडी दिसते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा कातडी गरम होती हे सगळ्यांना दिसत होतं, पण गरम पाणी खाली किती खोल आहे हे कुठलाही सॅटेलाइट थेट मोजत नाही. ते बघायला आत उतरावं लागतं.

अंटार्क्टिकाजवळचे फ्लोट तर बर्फ ओळखतात, वर येताना ५० ते २० मीटरमधलं पाणी उणे १.८ च्या जवळ असेल तर वर बर्फ असणार म्हणून पृष्ठभागावर न येताच परत खाली जातात आणि डेटा महिनोन्‌महिने पोटात ठेवतात. मेलेले फ्लोट समुद्रातच राहतात, दरवर्षी सात-आठशे नवे टाकावे लागतात, आणि हो, तो कचरा आहे. बोट पाठवून एक फ्लोट उचलायला जेवढं डिझेल जळेल त्यापेक्षा तो कचरा कमी, असा आमचा हिशेब, पण कुणी टोचलं तर मी वाद घालत नाही.

आता तुझा प्रोजेक्ट. करता येईल. १० सेंटिमीटरच्या पुढचा पीव्हीसी पाइप, ११० मिमीचा घे, अर्धा मीटर लांब, त्याने पावणेपाच लिटर जागा व्यापली, म्हणजे गोड्या पाण्यात वजन बरोबर पावणेपाच किलोच्या आसपास यायला पाहिजे, त्यासाठी आत शिसं किंवा लोखंडी छर्रे. तेल-पंपाऐवजी ६० मिलीची सिरिंज, तोंड पाण्यात उघडं, दट्ट्या स्क्रू आणि गिअर मोटरने मागे-पुढे. सिरिंज निम्मी भरलेली असताना नळा ना बुडतो ना तरंगतो असं वजन जुळव, ग्रॅमा-ग्रॅमाने, हेच सगळ्यात जास्त वेळ खाईल, आम्हालाही खातं. १० मीटरवर दट्ट्यावर साधारण सहा किलोचा जोर येईल, मोटर त्या हिशेबाने घे, खेळण्यातली चालणार नाही.

आणि एक फसगत आधीच सांगून ठेवतो. समुद्रात फ्लोट आपोआप एका खोलीवर स्थिर राहतो, कारण खाली पाणी जड होत जातं आणि नळा पाण्यापेक्षा कमी दाबला जातो, म्हणून थोडा खाली गेला की समुद्रच त्याला परत वर ढकलतो. विहिरीत पाणी वरपासून खालपर्यंत जवळपास सारखंच, तिथे हा आधार नाही. त्यात तुझ्या सिरिंजच्या तोंडाशी किंवा सांध्यात बाहेरच्या बाजूला हवेचा एक बुडबुडा जरी अडकला तर तो खोलवर दाबला जाणार, नळा आणखी जड होणार, आणखी खाली जाणार, आणि थेट तळ गाठणार. म्हणून दाबाचा सेन्सर लाव आणि त्यावरून मोटर सतत थोडी थोडी फिरती ठेव, आणि पाण्याखाली धरून सगळे बुडबुडे काढ. पहिली टेस्ट घरच्या पिंपात, दुसरी विहिरीत, आणि विहिरीत सोडताना नायलॉनची दोरी बांध. आम्ही दोरीशिवाय सोडतो कारण आमच्याकडे सॅटेलाइट आहे, तुला गाळातून तो काढायला गळ टाकावा लागेल.